पुण्यश्लोक अहिल्यादेवी आणि शिवालय तीर्थ

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये पती खंडेराव, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव व १७६७ मध्ये पुत्र मालेराव यांचा वियोग सोसून त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. महेश्वर ही राजधानी करून त्यांनी देशभरातील तीर्थक्षेत्री घाट, विहिरी व बारवा बांधविल्या. डोंगराच्या कुशीतील वेरूळ येथे श्रीघृष्णेश्वर मंदिर व शिवालय तीर्थ यांचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. पावसाळ्यात साठलेले पाणी उन्हाळ्यात कितीही खाली गेले, तरी यात्रेकरूस चारही बाजूंच्या पायऱ्यांनी तेथवर उतरता येते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या शिवचरणी लीन झाल्या. भाविकांनी कुंडात निर्माल्य टाकू नये. तीर्थ निर्मळ राखणे हीच त्यांना खरी आदरांजली होय.