इंदूरचे यशवंतराव होळकर : मोटारींचा शौकीन महाराजा

महाराष्ट्राबाहेर मराठी माणसाने जी गावं आपलीशी केली त्यांत बडोदा, ग्वाल्हेर, तंजावर, इंदूर आणि आपलं हैदराबाद ही नावं ओघाने येतात. इंदूरशी आपला धागा जुना आहे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या समोर उभ्या ठाकलेल्या मराठी फौजांत तुकोजी होळकरांचीही फौज होती. पुढे काचीगुड्याहून सुटणाऱ्या मीटरगेजच्या गाडीने पूर्णा, अकोला, खंडवा करत इंदूर गाठणारे सभासद तर आपल्यात आजही आहेत. त्या इंदूरच्या शेवटच्या सत्ताधारी महाराजांची ही ओळख. मोटारींच्या वाटेने ती करून द्यावी असं आम्हाला वाटलं, कारण या गृहस्थांचा स्वभाव दरबारापेक्षा स्टिअरिंगमागे जास्त कळतो.

यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे. यशवंतराव सोळा वर्षांचे असताना घरावर मोठं बालंट आलं. दरबारातून निघून गेलेली नर्तकी मुमताज बेगम मुंबईत अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या आश्रयाला होती. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर बावलांची मोटार दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने अडवली आणि त्यांचा खून केला. त्याच वेळी तिसऱ्या मोटारीतून काही इंग्रज अधिकारी तिथे पोचले आणि बाई वाचली. तपासाचा माग इंदूरपर्यंत गेला. चौकशीला सामोरं जाण्याऐवजी तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. अशा रीतीने मुलगा महाराज झाला, तो बापाच्या पडझडीतून.

त्यांचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं, आधी चार्टरहाऊस शाळेत आणि मग ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात. लग्न त्याआधीच, १९२४ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजे यांच्याशी झालं होतं. दोघंही तेव्हा लहानच. पुढे दोघं मिळून युरोपात राहिले, हिंडले, चित्रं पाहिली, चित्रकार आणि शिल्पकारांना भेटले. ऑक्सफर्डच्या दिवसांत यशवंतरावांची जर्मन वास्तुकार एकार्ट म्युथेसियस याच्याशी गट्टी जमली. दोघं साधारण एकाच वयाचे. १९३० मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार हाती आल्यावर याच मित्राकडे त्यांनी इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचं काम दिलं.

माणिकबाग हा राजवाडा म्हणावा तर त्यात ना झुंबरांचा थाट, ना सोनेरी नक्षी. सरळ रेषा, काच, धातू, मोकळ्या भिंती. रुलमान, ला कॉर्बुझिए, आयलिन ग्रे यांचं फर्निचर युरोपातून आलं. रेल्वेचा खासगी डबासुद्धा म्युथेसियसनेच आखला. वस्तूने आपलं काम चोख करावं आणि त्याच कारणाने ती सुंदर दिसावी, ही यशवंतरावांची आवड होती. त्यांच्या मोटारी या नजरेने पाहिल्या की नीट समजतात. इतर संस्थानिकांनी मोटारीला हत्तीची जागा दिली. त्यांनी मोटारीकडे यंत्र म्हणून पाहिलं.

आपल्या शहराशी तुलना केली की फरक चटकन ध्यानात येतो. चौमहल्ला पॅलेसमध्ये ठेवलेली निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉईस आपण सर्वांनी पाहिली आहे. मागे सिंहासनासारखी बैठक, समारंभापुरती बाहेर निघायची, एरवी उभीच. तिचा मालक मागे बसणारा. यशवंतराव पुढे बसणारे. त्यांना गाडी स्वतः चालवायला आवडायची आणि गाड्याही त्यांनी तशाच घेतल्या.

त्यात सगळ्यांत गाजलेली म्हणजे अमेरिकन ड्यूसेनबर्ग. १९३५ च्या सुमारास घेतलेल्या या गाडीचा सांगाडा अमेरिकेचा, तर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने बांधलेली. रंग केशरी आणि काळा. लांबी सुमारे २० फूट, आणि एवढ्या लांबीत बसायला जागा मुख्यतः दोघांची! पुढचं सगळं इंजिनाने व्यापलेलं. आठ सिलिंडर, सुपरचार्जर आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. याशिवाय बेंटली होत्या, हिस्पानो-सुईझा होती.

आम्हाला मात्र सर्वांत कुतूहल आहे ते त्यांच्या इटालियन गाडीचं, म्हणजे अल्फा रोमिओ ८सी २९००बी हिचं. फेरारी, लँबोर्गिनी ही नावं आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. पण त्या कंपन्या निघण्याच्या कितीतरी आधी मिलानच्या अल्फा रोमिओने ही गाडी काढली. खुद्द एन्झो फेरारी तेव्हा अल्फाच्याच शर्यतीच्या गाड्यांचा संघ चालवत होते. २९००बी १९३७ ते १९३९ या काळात बनली आणि एकूण तीन-साडेतीन डझनांहून जास्त बनली नाही. व्हित्तोरियो यानो या अभियंत्याने शर्यतीसाठी घडवलेलं इंजिन जवळपास तसंच घेऊन रस्त्यावर चालवायच्या गाडीत बसवलं होतं. २९०५ सीसी, एका रांगेत आठ सिलिंडर आणि दोन सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. सुमारे १८० अश्वशक्ती आणि ताशी १८० किलोमीटरच्या पुढे वेग. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक मोटारी ताशी शंभर गाठताना धापा टाकत.

नुसता वेगच नव्हे. चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंग असल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं त्याच्यासोबत हेलकावत नाही. गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ ठेवलेला, म्हणजे वजनाची वाटणी पुढेमागे सारखी. बहुतेक गाड्यांची बॉडी मिलानच्या टुरिंग या कारखान्याने बांधली. बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यामुळे वजनाला हलकी. आणि इटालियन असूनही स्टिअरिंग उजवीकडे, कारण वेगवान इटालियन गाड्यांची तेव्हा तशीच रीत होती. म्हणजे हिंदुस्थानच्या रस्त्यांना आपसूकच सोयीची. याच जातीच्या गाडीने १९३८ ची मिल्ले मिलिया ही इटलीतली हजार मैलांची शर्यत जिंकली.

मुंबई-आग्रा रस्ता इंदुरातूनच जातो. घाट उतरून सेंधवा, पुढे धुळे, नाशिक. तेव्हाच्या त्या रस्त्यावर बैलगाड्या, धूळ आणि मैलोन्मैल एकही गॅरेज नाही. अशी गाडी बाळगणं म्हणजे केवळ पैशाचं काम नव्हतं. दोन सुपरचार्जर आणि आठ सिलिंडरचा मेळ बिघडला, तर ऐकून दोष ओळखणारा माणूस जवळ लागतो आणि सुटा भाग मिलानहून बोटीने येईपर्यंत थांबण्याची तयारी लागते. आपल्यापैकी ज्यांनी साधी जुनी फियाट घरात सांभाळली आहे त्यांना याची थोडी कल्पना येईल.

पण ही अल्फा बाजारात आली त्याच सुमारास यशवंतरावांचं घर मोडलं होतं. जुलै १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती आणि मुलगी उषा चार वर्षांचीही नव्हती. रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी याची पक्ष्याची तीन शिल्पं यशवंतरावांनी घेतली होती, एक काशाचं, एक काळ्या संगमरवराचं, एक पांढऱ्या. ती ठेवण्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरत होतं. त्यासाठी ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेला. पण महाराजांचं मन आता त्यात नव्हतं. मंदिर झालंच नाही. दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत आणि काशाचा कॅलिफोर्नियात.

पुढे त्यांनी अमेरिकन स्त्रियांशी दोन लग्नं केली. त्यांचा बराच काळ परदेशात, विशेषतः कॅलिफोर्नियात, जाऊ लागला. राजा राज्यात नसतो अशी कुरबूर इंदुरात होती आणि ती रास्त होती असं आमचं मत आहे. गाड्यांचा, हिऱ्यांचा, परदेशवारीचा पैसा शेवटी माळव्याच्या शेतसाऱ्यातून आणि गिरण्यांच्या शहरातूनच येत होता. पण त्यांना नुसता उधळ्या ठरवून मोकळं होणंही बरोबर नाही. इंदूरला पाणी पुरवणारा यशवंतसागर त्यांच्या काळातला. होळकर क्रिकेट संघ त्यांच्याच आश्रयावर उभा होता. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली यांच्या या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध एकाच डावात सहा जणांनी शतकं ठोकली आणि धावा झाल्या ९१२! आपल्या हैदराबादने त्याआधी १९३७-३८ मध्ये हा करंडक आणला होता, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आणि १९४२ चं ते पत्र. क्रिप्स परत गेल्यावर यशवंतरावांनी अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात लवादासाठी मध्यस्थी करावी अशी विनंती केली. युद्ध चालू असताना एका संस्थानिकाने ब्रिटिशांना डावलून परक्या राष्ट्राध्यक्षाकडे जावं, हे धाडस लहान नव्हतं. त्याच माणसाने १९४७ मध्ये मात्र भोपाळच्या नवाबांच्या नादाने विलीनीकरणाला शेवटच्या घटकेपर्यंत टाळाटाळ केली. हा विरोधाभास आम्हाला आजही नीट उलगडत नाही. अखेर सही केली. आपल्याकडे निजामांनी ती वेळेवर केली नाही आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत काय झालं ते आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होतं.

१९४८ मध्ये मध्यभारत राज्य झालं, ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे पद संपलं, त्याच दिवशी निजामांचं राजप्रमुखपदही संपलं. त्याच पुनर्रचनेने मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला आणि आपली मंडळी इथे मागे राहिली. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतराव वारले. वय ५३. मुलगा रिचर्ड परदेशी आईचा, म्हणून होळकरांची गादी सरकारमान्यतेने मुलगी उषाराजे यांच्याकडे गेली.

जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर बंदी आली ती १९७० च्या दशकात. तोवर उत्तम उत्तम गाड्या बाहेर गेल्या होत्या. केशरी-काळी ड्यूसेनबर्ग अमेरिकेतल्या संग्राहकांकडे पोचली. अल्फा २९००बी या जातीची एक खुली गाडी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिलावात जवळपास दोन कोटी डॉलरना गेली. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकलं गेलं आणि राजवाड्यात अबकारी खात्याची कचेरी आली. इंदूरच्या रिक्षावाल्याला यशवंतरावांच्या मोटारींविषयी विचारलं तर तो गोंधळेल. एमवाय म्हणालात तर थेट महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडेल.