रावबहादूर लोखंडे यांची पाचवी मागणी

रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली, एवढे आता बहुतेकांना ठाऊक असते. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. सरकारी कचेऱ्या त्यांच्या आधीपासून रविवारी बंद असत, गिरण्या मात्र चालू असत. सुटी मिळाली ती गिरणी कामगाराला. तथापि लोखंडे यांच्या स्मृतीला या सुटीने असे व्यापून टाकले आहे, की त्यांच्या उरलेल्या मागण्यांचा विसरच पडला. त्यांतली एक तर आजही पुरती फळाला आलेली नाही.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. शिक्षण बेताचेच झाले. काही काळ रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. ही जागा मोठी मोक्याची होती. साच्यावरच्या कामगाराला मालकाचा हिशेब दिसत नाही आणि कचेरीतल्या बाबूला साच्यावरची माणसे दिसत नाहीत. भांडारपालाला दोन्ही दिसतात. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्योदयाला सुरू होई व सूर्यास्ताला थांबे. उन्हाळ्यात तेरा-तेरा तास काम चाले. श्वासावाटे कापसाचे तंतू छातीत जात, पट्ट्यात हात सापडे, आणि हात गेलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावर नसे. त्याच्या जागी दारात उभा असलेला दुसरा लागे.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे लोखंडे हे निष्ठावंत अनुयायी. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात काढलेले दीनबंधु हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईत चालविले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिकांना संघटित करणारे लोखंडे आणि गिरणी कामगारांचे लोखंडे हे दोन नव्हेत. ज्याच्या देहावर सत्ता चालते त्याची बाजू घेणे, हे दोन्हीकडे समानच होते.

येथे एक अर्थकारणाची गुंतागुंत ध्यानी घेतली पाहिजे. हिंदुस्थानातील गिरण्यांना कायद्याचे बंधन घालावे, असा आग्रह लँकेशायरचे गिरणीमालक धरीत होते. त्यांना मुंबईच्या मजुराची कणव होती असे नाही. त्यांना मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती होती. साहजिकच देशी उद्योगाचे अभिमानी कारखाना कायद्याकडे परकीयांचे कारस्थान म्हणून पाहू लागले. हा संशय निराधार नव्हता. पण तो खरा मानला तरी तुटलेला हात काही जुळत नव्हता. लोखंडे यांनी कायद्याची बाजू घेतली, ती हा पेच न कळल्यामुळे नव्हे. हेतू कोणाचा का असेना, कामगाराच्या पदरात काय पडते एवढेच त्यांनी पाहिले, आणि हेच त्यांचे वेगळेपण होय.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा अगदी तोकडा होता. शंभर माणसे असलेल्या कारखान्यालाच तो लागू, आणि त्याचे मुख्य लक्ष मुलांकडे व यंत्रांना कुंपण घालण्याकडे. त्याचा फेरविचार करण्यास मुंबईत आयोग नेमला गेला, तेव्हा सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार अशा मागण्या होत्या. पाचवी अशी, की कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो कायमचा पंगू झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी.

त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. तिला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणणे धाडसाचे आहे. तिला ना वर्गणीदार सभासद होते, ना निधी, ना नियमावली. किंबहुना ती म्हणजे लोखंडे हेच होते. तरीही २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर तिच्या हाकेला दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनीही त्या सभेत भाषण केले. जूनमध्ये गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगावर मुंबईच्या बाजूने लोखंडे यांना सहयोगी सदस्य नेमण्यात आले. १८९१ च्या कायद्याने सुटी व मधली विश्रांती पक्की केली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. पाचव्या मागणीचा त्यात मागमूस नव्हता.

पुढे रावबहादूरकी मिळाली. मग १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत, मांडवीतच, प्लेग प्रथम आढळला. लोक शहर सोडून पळू लागले, गिरण्या ओस पडल्या. लोखंडे राहिले. रुग्णांसाठी त्यांनी इस्पितळ चालविले आणि त्या शुश्रूषेतच लागण होऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पन्नाशीही गाठली नव्हती.

पाचव्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास १९२३ उजाडावे लागले. कामगार नुकसानभरपाईच्या त्या कायद्याने मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई देवविली, हे मोठेच पाऊल. पण तात्पुरत्या अपंगत्वात त्याने दिले ते अर्धे वेतन, आणि ते सूत्र आजही तसेच आहे. राज्य विम्याखालील कामगाराला नव्वद टक्के मिळतात. लोखंडे यांनी पूर्ण मागितले होते.

लोखंडे निवेदनावर सह्या गोळा करीत होते तेव्हा लातूर-चाकूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे चालत नव्हता. आज कायदा एकच आहे, पण त्याचा उंबरठा हलता आहे. कारखाना ठरण्यासाठीची कामगारसंख्या १८८१ मध्ये शंभर होती, १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी ती १९४८ मध्ये दहावर आली. २०२० च्या संहितेने ती पुन्हा वीस केली. लातूर, उदगीर, चाकूरकडच्या लहान डाळ गिरण्यांत एका पाळीला मोजकीच माणसे असतात. तेथे धूळ तीच, फिरता पट्टा तोच; आणि हमाल बहुधा रोजावर, म्हणजे हात सापडला की दुसऱ्या दिवशी रोज बंद. ऊसतोडीला जाणारा मजूर तर मुकादमाच्या उचलीवर जातो. फडात कोयता पायावर बसला, तर बुडालेले दिवसही त्या उचलीतच धरले जातात.