दादाभाई नौरोजी आणि तीन मतें

जय मिळण्याची खात्री असेल तेव्हांच जो खेळाडू मैदानांत उतरतो, त्याच्या अंगीं कौशल्य असेल. परंतु धैर्य आहे असें म्हणवत नाहीं. शाळेच्या सामन्यांस जें लागू, तेंच राजकारणासहि लागू आहे. जेथें पराभव जवळजवळ ठरलेलाच, अशा मतदारसंघांत पक्षानें उमेदवार उभा करणें आणि त्या उमेदवारानें मनापासून झुंजणें, ही लोकसत्तेची मोठी कसोटी होय. या कसोटीस उतरलेल्या एका थोर पुरुषाचें चरित्र आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

दादाभाई नौरोजी यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजीं एका गरीब पारशी कुटुंबांत झाला. ते चार वर्षांचे असतांनाच त्यांचे वडील वारले. त्यांच्या मातोश्री माणेकबाई यांस लिहितांवाचतां येत नव्हतें, तरी मुलाचें शिक्षण त्यांनीं खंडूं दिलें नाहीं. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत दादाभाईंनीं गणितांत लौकिक मिळविला व पुढें तेथेंच गणित आणि पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ. १८४९ सालीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढण्याच्या कामीं त्यांनीं व त्यांच्या तरुण सोबत्यांनीं मोठी खटपट केली. १८५५ सालीं कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते विलायतेस गेले. तेव्हांपासून व्यापार हा त्यांचा व्यवसाय असला तरी हिंदुस्थानचें दारिद्र्य हाच त्यांच्या चिंतनाचा विषय होऊन बसला. या देशाचें द्रव्य दरसाल बाहेर वाहून जात आहे, हें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें.

हिंदुस्थानच्या कारभाराचा अखेरचा निकाल वेस्टमिन्स्टर येथील पार्लमेंटांत होत असे. आणि तेथें हिंदी मनुष्य एकहि नव्हता. बंगालचे लालमोहन घोष हे १८८५ व १८८६ या दोन्ही सालीं डेप्टफर्ड येथून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले व दोन्ही वेळां पडले. हें उदाहरण समोर असतांहि दादाभाई १८८६ सालीं त्याच वाटेनें निघाले. त्या वेळीं त्यांचें वय साठ वर्षांचें होतें.

काळ मोठा प्रतिकूल होता. ग्लॅडस्टनसाहेबांच्या आयर्लंडसंबंधींच्या बिलावरून लिबरल पक्षांत फूट पडली होती आणि निवडणूक अचानक येऊन ठेपली होती. लंडनमधील होबर्न विभागाच्या लिबरल मंडळानें दादाभाईंस उमेदवारी दिली. परंतु हा विभाग म्हणजे हुजूर पक्षाचा बालेकिल्लाच. हातीं वेळ थोडा, ओळख थोडी, आणि मतदारांस या परदेशी नांवाचा उच्चार करणेंहि कठीण. निकाल अपेक्षेप्रमाणेंच लागला. हुजूर पक्षाचे कर्नल डंकन यांस ३,६५१ मतें मिळालीं व दादाभाईंस १,९५०. पक्षानें त्यांस ही जागा औदार्यानें दिली, कीं दुसरा कोणी घेईना म्हणून दिली, असा प्रश्न एखाद्यास पडेल. आमच्या मतें दोन्हींत थोडथोडें तथ्य असावें. पण ज्या लंडनवासीयांनीं त्यांस कधीं पाहिलेंहि नव्हतें, अशा १,९५० जणांनीं त्यांस मत दिलें, ही गोष्ट दादाभाईंच्या दृष्टीनें पराभवाहून मोठी होती.

दोन वर्षांनीं एक चमत्कारिक प्रसंग घडला. त्या वेळचे मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिसबरी हे हुजूर पक्षाचे. नोव्हेंबर १८८८ मध्यें एडिंबरो येथें बोलतांना होबर्नच्या त्या निवडणुकीचा उल्लेख करून, इंग्रज मतदार काळ्या माणसास निवडून देण्याइतके पुढें गेलेले नाहींत, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं काढले. उद्देश हिणवण्याचा, परिणाम मात्र उलट झाला. वृत्तपत्रांतून गदारोळ उठला, थोर लिबरल पुढाऱ्यांनीं निषेध केला, आणि नॅशनल लिबरल क्लबांत दादाभाईंच्या सन्मानार्थ भोजनसमारंभ झाला. काल ज्याचें नांव उच्चारतां येत नव्हतें, तें आतां साऱ्या इंग्लंडास पाठ झालें.

त्याच वर्षीं सेंट्रल फिन्सबरी विभागाच्या लिबरल मंडळानें त्यांची निवड केली होती. हा भाग घड्याळें घडविणाऱ्या व इतर कसबी कारागिरांच्या वस्तीचा. तेथील सभासद हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन. येथें मात्र दादाभाईंस विरोधी पक्षापेक्षां स्वपक्षाचाच अधिक त्रास झाला. स्थानिक लिबरलांतील एका गटास ही निवड मान्य होईना. पक्षाच्या वरिष्ठ सूत्रधारांनींहि, हा हिंदी गृहस्थ निवडून येणार नाहीं असें मानून, त्यांस उघड पाठिंबा देण्याचें पुष्कळ दिवस टाळलें. दुसऱ्या एका लिबरल इच्छुकास पुढें करण्यांत आलें. दादाभाईंस लोकांनीं माघार घेण्याचा सल्ला दिला. परंतु रीतसर झालेली निवड सोडण्याचें त्यांस कारण दिसेना. चार वर्षें ते त्या विभागांत सभा घेत, लोकांस भेटत, हिंदुस्थानाबरोबरच तेथील मजुरांचीं गाऱ्हाणींहि समजून घेत राहिले. अखेर निवडणुकीच्या तोंडावर तो प्रतिस्पर्धी लिबरल बाजूस झाला व पक्षाचें बळ एकत्र आलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंस स्त्री म्हणून मताचा अधिकार नव्हता, तरी त्यांनींहि दादाभाईंस आपला पाठिंबा कळविला.

जुलै १८९२ मध्यें मतें मोजलीं गेलीं. पेंटन यांस २,९५६ आणि दादाभाईंस २,९५९. अवघ्या तीन मतांनीं एक हिंदी गृहस्थ ब्रिटिश कॉमन्स सभेंत गेला! लंडनचे विनोदी लोक त्यांच्या नांवावर कोटी करून त्यांस ‘नॅरो मेजॉरिटी’ म्हणूं लागले. तो दुसरा लिबरल रिंगणांत राहता व त्यानें चारच मतें ओढून नेलीं असतीं, तरी हा दिवस उजाडला नसता. पावसापाण्याची किंवा कामाची सबब सांगून चार घड्याळजी घरीं बसते, तरीहि हाच परिणाम होता. एका मतानें काय होणार असें म्हणणारानें हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

सभागृहांत शपथ घेतांना दादाभाईंनीं आपल्या पारशी धर्माचा अवेस्ता हातीं घेतला. सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंड व हिंदुस्थान या दोन्ही देशांत एकाच वेळीं व्हाव्या, हा ठराव जून १८९३ मध्यें हर्बर्ट पॉल यांनीं मांडला, दादाभाईंनीं त्यास दुजोरा दिला, आणि तो ८४ विरुद्ध ७६ मतांनीं संमत झाला. सरकारनें तो अमलांत आणला नाहीं. हिंदुस्थानांत ती परीक्षा सुरू होण्यास १९२२ साल उजाडलें. तोंपर्यंत दादाभाई हयात नव्हते.

१८९५ सालीं लिबरल पक्षाची सर्वत्र पीछेहाट झाली व दादाभाईहि पडले. गंमत अशी कीं, त्याच निवडणुकींत हुजूर पक्षानें मंचरजी भावनगरी या दुसऱ्या पारशी गृहस्थास बेथनल ग्रीन या मजूरवस्तीच्या, लिबरलांकडे असलेल्या विभागांत उभें केलें, आणि ते निवडून आले. ज्या पक्षाच्या नायकानें हिणविलें होतें, त्याच पक्षानें तीच वाट धरली. १९०६ सालीं, ऐंशीं वर्षांच्या वयांत, दादाभाई उत्तर लँबेथ येथून पुन्हां उभे राहिले. या वेळीं पक्षाचा अधिकृत उमेदवार दुसराच होता. दादाभाईंचा मोठा पराभव झाला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेनें त्यांस तिसऱ्यांदा अध्यक्षपद दिलें. ३० जून १९१७ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें.

विद्यार्थी मित्रहो, कॉमन्सच्या चार निवडणुका दादाभाईंनीं लढविल्या. त्यांपैकीं तीन ते हरले. परंतु होबर्नची हार नसती, तर मुख्य प्रधानांचे ते उद्गार नसते. ते उद्गार नसते, तर त्यांचें नांव घरोघर पोंचलें नसतें. आणि मग तीं तीन मतें कोठून येतीं? पक्षांनीं यावरून एवढें शिकावें कीं, दुर्बळ ठिकाणीं उमेदवार नुसता उभा करून भागत नाहीं, तर त्याच्या पाठीशीं वेळेवर उभें राहावें लागतें. आणि आपण एवढें शिकावें कीं, कठीण जागा वांट्यास आली म्हणून रुसूं नये. पेरलेलें बीं कोणत्या शेतांत, कोणत्या वर्षीं उगवेल, हें पेरणारास कळत नाहीं. पेरणें मात्र त्याच्या हातीं असतें.