मूर्तीत कोरलेले बुद्धचरित्र

वैशाखी पौर्णिमा ही भगवान गौतम बुद्धांच्या जन्माची आणि ज्ञानप्राप्तीची तिथी; परंपरा महापरिनिर्वाणही याच दिवशी मानते. आमच्या शिरूर-दौंड परिसरातील भाविकांना अष्टविनायक नित्याचे. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातलाच, आणि सिद्धटेकची वाट दौंडवरून जाते. याच यात्रेत लेण्याद्रीचा गिरिजात्मज येतो. तो ज्या लेण्यात विराजमान आहे, ते मूळचे बौद्ध भिक्षूंचे विहार, आणि त्याच्या शेजारीच चैत्यगृह आहे. दर्शन आटोपून उतरणाऱ्यांपैकी थोडेच तेथे डोकावतात. आत स्तूप आहे, बुद्धमूर्ती नाही. त्या डोंगराजवळून वाहणारी कुकडी पुढे घोडनदीस मिळते, घोड भीमेस मिळते, आणि तीच भीमा दौंडच्या काठाने वाहते. तेव्हा हे स्थान आपणांस परके नव्हे.

निर्वाणानंतर कित्येक शतके अनुयायांनी बुद्धांना मानवी रूपात कोरले नाही. पिंपळ, चक्र, पाऊलखुणा, रिकामे आसन एवढ्याने ते त्यांचे अस्तित्व सुचवीत. इसवी सनाच्या आरंभी मथुरा व गांधार येथे मूर्ती घडू लागल्या, त्या मात्र मनःपूत कल्पनेने नव्हे. मूर्तीचे एकेक लक्षण त्यांच्या आयुष्यातील एकेका घटकेचे स्मरण आहे. आपण त्यांना दशावतारांत नववे स्थान देतो. बौद्ध ते मानीत नाहीत. म्हणून मूर्ती त्यांच्या दृष्टीने वाचणेच उचित.

प्रथम कान पाहावेत. लांबलेल्या पाळ्या, पण कुंडले नाहीत. शाक्यकुळातील शुद्धोदनाचा हा पुत्र जन्मानंतर सातव्या दिवशी मातेस मुकला. मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढविले. जड अलंकारांनी पाळ्या ओघळल्या आणि एकोणतिसाव्या वर्षी एका रात्री ते अलंकार उतरले. निद्रिस्त यशोधरा आणि तान्हा राहुल यांना सोडून सिद्धार्थ निघाला. आम्हां संसारी माणसांना हा प्रसंग सहज पचत नाही, आणि पचू नये असेच आम्हांस वाटते. पुढे राहुललाही प्रव्रज्या मिळाली, तेव्हा वृद्ध शुद्धोदन व्याकूळ झाले. त्यांच्या विनंतीवरून, मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणाही पुत्रास संघात घेऊ नये, असा नियम बुद्धांनी घातला. मूर्तीचे रिकामे कान त्या राजवाड्याची आठवण देतात.

सहा वर्षांच्या उग्र तपाने देहाचा सापळा झाला. हाती काही आले नाही. सुजातेने दिलेली खीर घेऊन गौतम पिंपळाखाली बसले. माराने त्यांचा त्या आसनावरील अधिकारच नाकारला. साक्षीला कोणी नव्हते. तेव्हा त्यांनी उजवा हात गुडघ्यावरून खाली नेऊन भूमीला स्पर्श केला आणि पृथ्वीलाच साक्षी बोलाविले. हीच भूमिस्पर्श मुद्रा. मांडीवर एकावर एक ठेवलेले तळवे ध्यानाचे. छातीशी जुळलेली बोटे सारनाथला पाच जुन्या सोबत्यांना दिलेल्या पहिल्या उपदेशाची, म्हणजे धर्मचक्रप्रवर्तनाची. आणि उभारलेला उजवा तळवा अभयाचा. मदोन्मत्त नालागिरी हत्ती अंगावर सोडला गेला तेव्हा ते याच शांतपणे उभे राहिले, अशी कथा आहे. एकाही हातात शस्त्र नाही. देवतांच्या आयुधांवरून त्यांना ओळखण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही.

आपल्या जिल्ह्यात देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर, १९५६ सालची.

पंचेचाळीस वर्षे गावोगाव हिंडून, ऐंशीव्या वर्षी, कुशीनगरला दोन शालवृक्षांमध्ये बुद्ध उजव्या कुशीवर पहुडले. शेवटचे भोजन चुंद नावाच्या लोहाराकडचे होते. त्याला कोणी दोष देऊ नये, हे सांगण्याचेही त्यांना त्या अवस्थेत भान होते. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात हा प्रसंग भिंतीभर कोरला आहे. खाली शिष्य शोकाकुल आहेत, वर स्वर्गस्थ गण जमले आहेत, आणि या दोहोंमध्ये, उशाशी हात घेऊन, तो चेहरा नुकता डोळा लागल्यासारखा मिटलेला आहे.