संदर्भवाले बिलिंग्ज

मेडिकलला असलेल्या ताईचा पेपर टाईप करत होतो. अडकलो संदर्भांत! मध्ये एक घुसवला की पुढचे सगळे आकडे बदला. त्यात जर्नलांची नावं 'इंडेक्स मेडिकस'च्या पद्धतीने तोडायची. हा इंडेक्स काढला कोणी? डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी.

जन्म १८३८, अमेरिकेत इंडियानाला. सिनसिनाटीत शिकताना अपस्मारावरच्या शस्त्रक्रियांवर प्रबंध घेतला. पण जुन्या केसेस कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, हे सांगणारं काहीच नाही! बिचाऱ्यांनी ग्रंथालयं पालथी घातली. १८६० साली डॉक्टर झाले, पण ती वणवण विसरले नाहीत. यादवी युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. मग वॉशिंग्टनचं लष्करी वैद्यकीय ग्रंथालय हाती आलं, ते त्यांनी लाखाच्या वर पुस्तकांपर्यंत नेलं. १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर यांच्याबरोबर इंडेक्स सुरू केला. आजचं पबमेड त्याच घराण्यातलं.

आणि आपल्या कॉम्प्युटरवाल्यांनो, जनगणनेची मोजणी कार्डांवर यंत्राने करायची कल्पना हॉलेरिथला त्यांनीच सुचवली! १९१३ मध्ये ते गेले.

ताईने सातवा संदर्भ मूळ पेपर न बघताच दुसरीकडून उचलला होता. मी तिला तो उघडायला लावला. डोस वेगळाच निघाला. रात्री दीडला तक्ता परत केला.