वस्तू जमवल्या माळ्यांनी, म्युझियमला नाव लागलं वकिलाचं: ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनची गोष्ट

देवळाची पायरी असो, शाळेची खोली असो नाहीतर दवाखान्याचा वॉर्ड, देणगी दिली की नावाची पाटी लागते. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीत अशीच एक पाटी १६८३ पासून टिकून आहे. तिचं नाव ॲशमोलियन म्युझियम. राफेल आणि मायकेलअँजेलोची रेखाटनं, इजिप्तच्या ममी आणि भारतातली शिल्पं आज या एकाच ठिकाणी बघायला मिळतात, तीही फुकट.

हे नाव आलं इलायस ॲशमोल या माणसावरून. त्याने आपला संग्रह युनिव्हर्सिटीला दान केला आणि ब्रिटनमधलं पहिलं सार्वजनिक म्युझियम उभं राहिलं. पण गंमत अशी की, दान केलेल्या बहुतेक वस्तू त्याने स्वतः जमवलेल्याच नव्हत्या.

मग त्या कुणाच्या होत्या?

ॲशमोलचा जन्म १६१७ चा, लिचफिल्ड गावातला. वडील घोड्याचे खोगीर बनवायचे. पोरगं हुशार निघालं, वकील झालं. इंग्लंडमध्ये राजा विरुद्ध संसद अशी लढाई पेटली तेव्हा ॲशमोल राजाच्या बाजूने उभा राहिला. त्याच धामधुमीत तो ऑक्सफर्डला पोचला आणि तिथे गणित, ज्योतिष असे विषय शिकायला लागला.

लढाईत राजाचा पक्ष हरला. पण १६४९ मध्ये ॲशमोलने दुसरं लग्न केलं, ते त्याच्यापेक्षा वयाने वीसेक वर्षांनी मोठ्या असलेल्या एका श्रीमंत विधवेशी. पैशाची चिंता मिटली आणि जुनी नाणी, हस्तलिखितं, किमयागिरीचे ग्रंथ गोळा करायला गडी मोकळा झाला. संसार मात्र धड चालला नाही, बायको वेगळं होण्यासाठी कोर्टात गेली. तिचा अर्ज फेटाळला गेला. ॲशमोलचा कोर्टाशी संबंध पुढेही येणार होताच.

आता त्या वस्तूंकडे येऊ.

लंडनजवळच्या लॅम्बेथमध्ये ट्रेडस्कंट नावाचं माळ्यांचं घराणं होतं. बाप आणि मुलगा दोघांचं नाव जॉन, दोघंही राजाच्या बागा सांभाळणारे. झाडं शोधायला बाप रशियापर्यंत गेला, मुलगा अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत. येताना ते बियांसोबत शंख, शस्त्रं, कपडे, प्राण्यांचे सांगाडे असं काय वाटेल ते घेऊन यायचे. अमेरिकेतला मूलनिवासी प्रमुख पोव्हाटन याच्या नावाने ओळखली जाणारी हरणाच्या कातड्याची शाल त्यांच्याकडे होती. पेंढा भरलेला डोडो पक्षीसुद्धा होता. लोक सहा पेन्स देऊन हे घर बघायला यायचे आणि त्याला नोहाचं जहाज म्हणायचे.

१६५० मध्ये ॲशमोल तिथे पहिल्यांदा गेला आणि पुढे घरचाच झाला. दोनच वर्षांत धाकट्या जॉनचा एकुलता एक मुलगा वारला. वारसच उरला नाही. ॲशमोलने संग्रहाची यादी करायला हातभार लावला, छपाईचा खर्च उचलला आणि १६५६ मध्ये ती यादी पुस्तकरूपात आली. १६५९ च्या डिसेंबरमध्ये जॉनने बक्षीसपत्रावर सही केली. आपल्या आणि बायकोच्या पश्चात सगळा संग्रह ॲशमोलचा.

इथेच वादाला तोंड फुटलं.

१६६२ मध्ये जॉन गेला. त्याच्या मृत्युपत्रात वेगळंच लिहिलेलं निघालं. संग्रह बायको हेस्टरकडे राहील आणि पुढे तिने तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज युनिव्हर्सिटीला द्यावा. हेस्टरचं म्हणणं होतं की बक्षीसपत्रावर सही करताना नवरा दारूच्या नशेत होता. ॲशमोल कोर्टात गेला. १६६४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. हेस्टरने हयात असेपर्यंत संग्रह फक्त सांभाळायचा, असं ठरलं.

पुढे ॲशमोलने शेजारचंच घर भाड्याने घेतलं आणि भांडणं वाढत गेली. १६७६ मध्ये हेस्टरला आपले आरोप मागे घेत असल्याच्या कागदावर सही करावी लागली. १६७८ च्या एप्रिलमध्ये ती स्वतःच्याच बागेतल्या तळ्यात बुडालेली सापडली.

ॲशमोलने मात्र १६७७ मध्येच, हेस्टर जिवंत असताना, ऑक्सफर्डला शब्द दिला होता. सगळा संग्रह देतो, पण एका अटीवर. त्यासाठी स्वतंत्र इमारत बांधायची.

ही अट साधी नव्हती. इमारतीसाठी युनिव्हर्सिटीला साडेचार हजार पौंडांच्या घरात खर्च आला. पण त्यामुळेच संग्रह कुठल्यातरी कोठीच्या खोलीत न जाता लोकांसमोर आला. १६८३ मध्ये म्युझियम उघडलं. वरच्या मजल्यावर वस्तू, मधल्या मजल्यावर व्याख्यानांची खोली आणि तळघरात रसायनशाळा. तिकीट काढलं की साधी माणसं आणि बायकासुद्धा आत जाऊ शकत होत्या. त्या काळात असे संग्रह बहुतेक करून सरदार आणि विद्वानांपुरतेच असायचे.

ॲशमोलचा स्वतःचा मोठा साठा १६७९ च्या आगीत जळाला होता. हजारो नाणी आणि पुस्तकं गेली. जे वाचलं त्यातली हस्तलिखितं आणि पुस्तकं त्याने मृत्युपत्राने म्युझियमला दिली. १६९२ मध्ये तो वारला.

दानात एक गोष्ट मात्र कमी पडली. देखभालीसाठी भक्कम कायमचा निधी नव्हता. सांभाळणाऱ्या कीपरचा पगारसुद्धा तिकिटाच्या पैशांवर अवलंबून होता. पुढच्या शतकात म्युझियमची आबाळ झाली. डोडो सडला, त्याचं फक्त डोकं आणि एक पाय वाचला. वस्तू देणारा भेटला तरी ती जपायला दरवर्षी पैसे लागतातच, हे ऑक्सफर्डला असं कळलं.

आजचं म्युझियम दुसऱ्या इमारतीत आहे. १८४५ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत युनिव्हर्सिटीचं कलादालन होतं, १९०८ मध्ये जुना संग्रह आणि हे दालन एक झालं. तेव्हापासूनचं ॲशमोलियन अनेक देणगीदारांच्या वस्तूंवर आणि पैशांवर वाढत गेलं. पोव्हाटनची शाल अजूनही तिथेच आहे.

आणि ट्रेडस्कंट? ते लॅम्बेथच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. १९७० च्या दशकात हे चर्च पाडायचं घाटत होतं. माळ्यांच्या त्या थडग्यामुळे ते वाचलं आणि तिथे बागकामाचं म्युझियम उभं राहिलं. त्याच चर्चमध्ये इलायस ॲशमोलचीही कबर आहे.