मातीतून औषध शोधणारे रेने द्युबो

रेने द्युबो यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०१ रोजी फ्रान्समध्ये झाला. अमेरिकेत सेल्मन वॉक्समन यांच्या हाताखाली मातीतील जंतूंचा अभ्यास करून १९२७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. मातीत सारेच कुजते. तेव्हा रोगजंतूंना नष्ट करणारे जंतूही तिथेच असणार, ही त्यांची श्रद्धा होती.

१९३९ मध्ये मातीतील एका जंतूपासून त्यांनी टायरोथ्रिसिन मिळवले. त्यात दोन प्रकारची पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, होती. ग्रॅमिसिडिन जंतूच्या पेशीपटलात नळीसारखी वाट पाडते, तर टायरोसिडिन ते पटलच विसकटून टाकते. आतील क्षार झिरपून जंतू मरतो. परंतु तांबड्या रक्तपेशीही त्यातून सुटत नसत. त्यामुळे हे औषध बाहेरून लावण्यापुरतेच उरले.

१९४२ मध्ये पत्नी मारी लुईझ क्षयाने गेल्या. पुढे द्युबो यांनी क्षयरोगाच्या संशोधनाला वाहून घेतले. जंतू औषधांना दाद देईनासे होतील, हा इशाराही त्यांनी त्याच दशकात दिला होता. २० फेब्रुवारी १९८२ रोजी, वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

जंतूचे पटल फोडावे, रक्तपेशीचे मात्र राखावे, हा त्यांना न सुटलेला पेच आज नवी पेप्टाइडे रचणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही उभा आहे.